गाडीखाली वाकून

धक्का अगदी बारीक होता. रस्त्यात पडलेली उशी चाकाखाली यावी, तेवढाच. इगसान दोलीचा पाय ब्रेकवर गेला तेव्हा गाडी धड चार हातही पुढे सरकली नव्हती. इंजिन चालू होतं, हात स्टिअरिंगवर होते, आणि नजर अजून खालच्या वळणावर दिसेनाशा होणाऱ्या त्या लाल गाडीवर होती. त्या गाडीतल्या जोडप्याने आपलं रांगतं मूल पेंग्विनांच्या घरट्यापाशी बसवून फोटो काढला होता. इगसानने दोघांना यथेच्छ झापलं होतं, त्यावर नवरा 'सॉरी अंकल' म्हणत हसला होता, आणि ते हसू डोक्यात गेल्यामुळे इगसान त्यांच्या गाडीचा नंबर टिपायला म्हणून तरातरा येऊन आपल्या गाडीत बसला होता. नंबर मिळाला असता तर दुपारपर्यंत तो गल्लीच्या ग्रुपवर झळकला असता. उशीच असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. नाहीतर कुणाची पिशवी. केपटाउनजवळच्या सायमन्स टाउनच्या या उतारावर वारा सुटला की लोकांच्या दोरीवरचे कपडे थेट बंदरापर्यंत जातात, मग पिशवीचं काय घेऊन बसलात. पण उशी, पिशवी काहीच पटत नव्हतं. जे झालं ते त्याला तळपायातूनच कळलं होतं.

तो उतरला आणि आता वाकला. गुडघे टेकून, एक हात डांबरावर ठेवून, मान वाकडी करून, जसं वाकायला तो इतकी वर्षं सगळ्या गावाला शिकवत आला होता, तसा अगदी शिस्तीत वाकला. मागच्या चाकाला लागून पेंग्विन पडला होता. रक्त जवळपास नव्हतंच. चोच किंचित उघडी, एक पंख अंगाखाली मुडपलेला. सकाळचं ऊन चढलं तसा सावलीला आला असणार. समुद्रावर निघालेली ही पाखरं वाटेत अशी विसावतात, आणि गाडीखालच्या सावलीएवढी सोयीची सावली त्यांना ठाऊक नाही. इगसानने त्याच्या छातीवरचे काळे ठिपके पाहिले आणि डोळे मिटून घेतले. माणसांना चेहरे असतात तसे या पक्ष्यांना ठिपके, आणि हे ठिपके त्याच्या ओळखीचे होते. हा समोरच्या मिसेस प्रिचर्डच्या कुंपणातला नर. छाती काढून चालायचा म्हणून त्या त्याला कर्नल म्हणत. रस्ता रिकामा होता. वाऱ्याने कुठलंतरी फाटक आपटत होतं. इगसानने अंगातलं पिवळं जाकीट काढलं, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'पेंग्विन रक्षक' लिहिलेलं, त्यात पक्षी गुंडाळला आणि डिकीत ठेवला. उचलताना तो अजून कोमट होता, आणि तान्ह्या बाळासारखी त्याची मान दंडावर कलंडली. डिकी बंद करताना इगसानने आवाज होऊ दिला नाही. स्वतःच्याच गाडीची डिकी आपण चोरासारखी बंद करतोय, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तरीही त्याने ती तशीच बंद केली.

कुठे जायचं ते न ठरवता तो गाडी हाकत राहिला. बंदराच्या भिंतीवर, गोदीच्या दारावर, दारूच्या दुकानाशेजारी त्याने स्वतः रंगवलेल्या पाट्या एकेक करून मागे जात होत्या. निघण्यापूर्वी गाडीखाली बघा. आधी बॉनेटवर थाप, मग एका बाजूने वाकायचं, मग दुसऱ्या बाजूने. शाळेत जाऊन त्याने पोरांकडून हे कवायतीसारखं करून घेतलं होतं, आणि पोरांनी घरी जाऊन आईबापांकडून. टॅक्सीवाले, मासळीवाले, नौदलाचे साहेब, सगळे वाकायला लागले होते. पण इगसान स्वतः गेले कित्येक महिने वाकत नव्हता. गोदीत आयुष्य काढलेले गुडघे आता खाली जाताना रडवत आणि वर येताना त्याहून रडवत. थाप तो मारी, चांगली दणकून, चार लोकांना ऐकू जाईल अशी. मग कमरेतून जरासा झुकून, एक हात पाठीवर ठेवून, बघितल्यासारखं करी. बघणाऱ्याला वाटावं की म्हाताऱ्याने काही सोडलं नाही. आज तर थापही मारली नव्हती. हे सोंग कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण इगसान दोली वाकला की नाही हे बघायला कोण वाकणार?

पिल्लांचा विचार तो टाळत होता, पण ती काही टळेनात. कर्नलच्या घरट्यात दोन पिल्लं होती, राखाडी लोकरीची, मुठीएवढी. इतक्या लहानपणी आईबापांपैकी एक पिल्लांवर बसून राहतो आणि दुसरा समुद्रावरून पोटात मासळी भरून आणतो. आता आणणारा डिकीत होता. मादी उपाशीपोटी वाट बघेल, आज बघेल, उद्या बघेल, मग भुकेने उठेल आणि पिल्लं उघडी पडतील. वरून समुद्रपक्षी टपलेले असतातच. एक फोन पुरे होता. नगरपालिकेची राखणदार खोलेका तासाभरात पेटी घेऊन आली असती आणि पिल्लांना पक्ष्यांच्या इस्पितळात घेऊन गेली असती. तिथे त्यांना हाताने भरवून मोठं करतात, इगसानने स्वतः कितीतरी पोचवली होती. या जातीची पाखरं आता जगात इतकी थोडी उरली होती की दोन पिल्लं म्हणजे दोन पिल्लं नव्हती. पण फोन केला की खोलेका विचारणार, बाप कुठाय? आणि मग, गाडी कुणाची? फोन नाही केला तर कुणी काही विचारणार नव्हतं. मासळी लांब गेली आहे, नर उशिरा येतात, कधी येतही नाहीत. समुद्राच्या नावावर काहीही खपतं. इगसानने खिशातला फोन दोनदा चाचपला आणि दोन्ही वेळा काढला नाही. जुम्मा होऊ दे, म्हणाला. जसं काही नमाजानंतर गुडघे बरे होणार होते.

टेकडीवरच्या मशिदीत हात धुताना तो नेहमीपेक्षा जास्त वेळ नळाशी उभा राहिला. बोटांना मासळीचा वास येत होता. रांगेत उभं असताना त्याला वाटत राहिलं की हा वास दोन माणसं पलीकडे जातोय. खतीब प्रवचनात काय बोलला त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नाही. बाहेर आल्यावर सेडिकने गाठलंच. सेडिक म्हणजे लहानपणी शेजारच्या घरातला, आता केपटाउनात राहणारा, पण जुम्म्याला हटकून इथे येणारा. त्याच्या बायकोने डबाभर कांदा-पालकाची भजी तळून दिली होती आणि तो ती वाटत सुटला होता. "काय मामासाहेब," तो लांबूनच ओरडला, "भाचे बरे आहेत ना? आम्हाला ट्रकमध्ये कोंबून हाकललं, आणि या काळ्याकोटवाल्यांना सिमेंटची घरं! आणि बांधतो कोण, तर आमचा इगसान!" लोक हसले. ही थट्टा जुनी होती आणि इगसान तिला दरवेळी तयारीचं उत्तर देई, की बाबांनो, पाखरांनी तरी घर रिकामं करून घेतलं नाही, रिकामं होतं म्हणून आली. आज तो नुसताच हसला. "तब्येत बरी नाही का भाई?" सेडिकने आवाज खाली आणून विचारलं. "जाकीट कुठाय तुझं? जाकिटाशिवाय तू ओळखू येत नाहीस." इगसान म्हणाला, गाडीत आहे. हे खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. हातातलं भजं त्याने गाडीत बसेपर्यंत तसंच धरलं होतं.

ते ट्रक त्याला आठवत होते. सहा वर्षांचा होता. सरकारने गल्ली गोऱ्यांसाठी राखून ठेवली तेव्हा आईने किटलीतला गरम चहासुद्धा ओतला नव्हता, किटली तशीच मांडीवर घेऊन बसली होती, आणि टेकडीच्या पलीकडे वाळूतल्या नव्या घरांपाशी उतरेपर्यंत तिच्या फ्रॉकवर चहाचा हा मोठा डाग पडला होता. त्यांचं घर या रस्त्यावर होतं, मिसेस प्रिचर्डच्या घरापासून तीन घरं वर. गोदीत नोकरीला तो रोज टेकडी ओलांडून येई आणि संध्याकाळी परत जाई. म्हातारपणी कोर्टकचेऱ्या होऊन मशिदीमागे दोन खोल्या मिळाल्या. मधल्या काळात इथे पेंग्विन आले होते. माणसं गेलेल्या जागी पाखरं येऊन राहिली, याचं त्याला पहिल्यापासून काहीतरी वाटत आलं होतं, राग नाही, नातं म्हणावं असं. कुणी हाकलायला लागलं की त्याच्या कानशिलात रक्त चढे. आणि हे सगळं खरं होतं, पण एवढंच खरं नव्हतं. मिसेस प्रिचर्डच्या गोष्टीशी येऊन तो दरवेळी थांबत असे. आज थांबता येईना.

तीन वर्षांपूर्वी त्या बाईच्या गाडीखाली तिच्याच फाटकासमोर एक पेंग्विन आला होता. इगसान पोचला तेव्हा ती तोंडावर हात ठेवून उभी होती, केसांना तेव्हा अजून रंग लावत असे, आणि काही बोलण्याचा प्रयत्न करत होती. त्याने बोलू दिलं नाही. वाकून बघितलं होतं? एवढंच विचारलं, तिने नाही म्हणून मान हलवली, आणि त्याने फोन काढला. नियम त्यानेच केला होता: ज्याच्या गाडीखाली पक्षी जाईल त्याचा फोटो ग्रुपवर, माणूस, नंबर आणि पक्षी एकत्र. "जरा डावीकडे सरका, नंबर दिसत नाही," तो म्हणाला होता, आणि ती खरंच सरकली होती. रात्री जेवताना त्याने तो फोटो पुनःपुन्हा पाहिला. त्याखाली लोकांनी तिला काय काय म्हटलं ते चवीने वाचलं. ती बाई या देशात आली तेव्हा ट्रक जाऊन जमाना झाला होता, तिचा त्या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. पण त्याच रस्त्यावर, त्याच फुटपाथवर एक गोरी बाई त्याच्यासमोर मान खाली घालून उभी होती आणि तो सांगेल तशी सरकत होती, आणि आत कुठेतरी किटलीशेजारी बसलेलं एक पोर टाळ्या पिटत होतं. मेलेल्या पक्ष्याचं त्याला त्या दिवशी वाईट वाटलंच नव्हतं. बाईने नंतर गाडी विकून टाकली. चर्चच्या गाण्याच्या मंडळात जाणं सोडलं. मग एके दिवशी स्वतःहून निरोप पाठवला की माझ्या कुंपणात जागा आहे, घरटं बसवायचं असेल तर बसवा. सिमेंटचं घरटं त्याने तिथे आपल्या हाताने बसवलं, आणि गावभर सांगत फिरला की बघा, माणसं सुधारतात.

त्याच फाटकासमोर त्याने आता गाडी लावली. मनात जे काही होतं त्याला बेत म्हणायची त्याला लाज वाटत होती: आत जायचं, मादीला घरट्यातून उठवायचं, पिल्लं उचलायची, आणि खोलेकाला सांगायचं की टाकून दिलेली सापडली. पिल्लंही वाचतील आणि कुणाचं काही जाणारही नाही. दोन पायऱ्या चढेपर्यंत तो बेत त्याला जवळजवळ सज्जनपणाचा वाटायला लागला होता. घंटी वाजवायच्या आतच दार उघडलं.

"या मिस्टर दोली, बरं झालं आलात," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. केस आता सगळे पांढरे. "मी खोलेकालाच फोन करणार होते. मग म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. सकाळी कर्नल समुद्रावर निघाला, पण मला काही नीटसं वाटत नाहीये. ती बिचारी नुसती रस्त्याकडे बघत बसलीय. तो येईल ना?"

"वारा आहे आज," इगसान म्हणाला. "मासळी लांब गेलीय. वेळ लागतो."

"म्हणजे फोन करायला नको?"

"नको."

"तुम्ही म्हणता ना, मग नको." त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला त्याला दिसला. "मी ही अशी. जरा काही झालं की जीव खालीवर. बसा, चहा टाकते. तुम्ही सांगितलंत म्हणजे मला झोप तरी लागेल."

तो बसला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंपण दिसत होतं, आणि कुंपणाखालचं ते सिमेंटचं घरटं. मादी दारातच बसली होती. तिच्या पोटाखालून एक पिल्लू डोकं वर काढी, तिच्या चोचीवर चोच आपटी, थांबे, पुन्हा आपटी. ती मान वळवून घेई. देण्यासारखं काही नव्हतं तिच्याकडे. पिल्लू काही थांबेना. बाईंनी त्याच्यापुढे कप ठेवला, बशीत दोन बिस्किटं, आणि त्याच्यावरच्या विश्वासाने हलक्या झालेल्या आवाजात त्या काहीतरी सांगू लागल्या, उन्हाळ्यात कुंपणाला पाणी जास्त घालते म्हणजे सावली राहते, असं काहीतरी.

"तो येणार नाही," इगसान म्हणाला.

"काय?"

"कर्नल. माझ्या गाडीच्या डिकीत आहे."

त्या उभ्याच राहिल्या. किटली त्यांच्या हातात होती. ती त्यांनी जपून खाली ठेवली.

"वाकून बघितलं नव्हतं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो; त्यांना खरंच कळत नव्हतं.

"नाही." आणि मग जे त्याने पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून बाहेर आलं. "कितीतरी महिने नाही बघत. गुडघे दुखतात. वाकल्याचं नाटक करतो."

पक्षी मेल्याचं बोलून गेला होता, पण हे बोलताना त्याचे कान तापले. मिसेस प्रिचर्डनी त्याच्याकडे पाहिलं नाही. भिंतीशी जाऊन फोन लावला. "खोलेका, लगेच ये ग. कर्नल रस्त्यावर गेला. हो, पिल्लं न्यावी लागतील. नाही… गाडी कुणाची ते मी नाही पाहिलं." फोन ठेवून त्या पुन्हा चहाकडे वळल्या. त्यांनी त्याला वाचवलं होतं, इतक्या सहज, की जणू सांडलेलं दूध पुसलं. इगसानच्या छातीत काहीतरी सैल झालं, ऊबदार, गोड, आणि तो कप उचलून चहा प्यायलादेखील. सकाळपासून जे जे झालं त्यात हा घोट त्याला सगळ्यात नीच वाटला.

खोलेका आली ती वादळासारखी. जाड हातमोजे घातले, पेटी उघडली, गुडघ्यांवर बसून एका हाताने मादीची चोच धरली आणि दुसऱ्याने पिल्लं काढली. मादीने गाढवासारखं भेसूर ओरडून कुंपण डोक्यावर घेतलं. "हो ग बाई, हो, ओरड," खोलेका तिच्याशी बोलत होती, "तुझंच बरोबर आहे." पेटी गाडीत ठेवून ती फुटपाथवर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात शिव्या. "कोण होता तो मेला, बाबा? आंधळा होता की काय? इतक्या पाट्या लावल्यात! तुम्ही तिथे असतात ना, तर सोडलं नसतंत त्याला."

"मीच होतो."

खोलेका हसली. "बाबा, पुरे. आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

त्याने डिकी उघडली आणि जाकिटाचं टोक बाजूला केलं. ती हसायची थांबली.

"फोटो काढ," इगसान म्हणाला.

"नाही."

"नियम आहे, खोलेका."

"असू दे नियम. तुमचा फोटो काढायला मला नाही सांगायचं." तिने हातमोज्यांची मूठ आवळली. "मला हे काम कुणी शिकवलं? पिल्लाला धरायचं कसं, भरवायचं कसं? रिपोर्टात लिहीन, गाडी माहीत नाही. पिल्लं वाचतील, बाबा. मग कशाला? लोकांना कळलं तर पुन्हा कोण वाकेल? घरी जा तुम्ही." ती त्याच्या दंडाला हात लावून गाडीत बसली, आणि उताराच्या वळणावर तिची गाडी दिसेनाशी झाली. पिल्लं गेली. वाचणार होती. करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, आणि घरी जायला कुणाची हरकत नव्हती; इगसानच्या छातीत ते मघाचं सैल आणि गोड पुन्हा हलायला लागलं होतं.

"माझा फोटो काढवला होता तुम्हाला," मागून मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या.

त्या फाटकाशी उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या होत्या. मग हळूहळू फुटपाथवर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे फोन."

त्याने दिला. मग तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, उघड्या डिकीसमोर. नंबर झाकला जातोय हे त्याचं त्यालाच कळलं, आणि तो डावीकडे सरकला. सदरा खाली ओढला. हातांचं काय करावं ते समजेना; एक पाठीवर नेला, पुन्हा पुढे आणला. वरच्या अंगाला कुणीतरी खिडकी उघडली. मिसेस प्रिचर्डनी फोन दोन्ही हातांनी डोळ्यांपासून लांब धरला होता, बोट कुठे टेकवायचं ते शोधत होत्या, आणि तो बुटांच्या टोकांकडे बघत वाट पाहत होता.

"खाली बघू नका, मिस्टर दोली," त्या म्हणाल्या. "मीही खालीच बघितलं होतं. त्याने काही कमी होत नाही."

त्याने मान वर केली.